इंजिनाचा दम आणि माझा सल्ला

एकाच इंजिनाचे हेड मी पोत्यात घालून दोन वेळा वसईहून गोरेगावला लोकलने आणले आहे. पहिल्या खेपेला आणले तेव्हा मी मोठ्या ऐटीत होतो. दुसऱ्या खेपेला आणले तेव्हा भाईंदरच्या खाडीवरून गाडी जाताना हे पोते खाली टाकून द्यावे आणि आपण काही ऐकले नाही, पाहिले नाही असे करावे, असे क्षणभर मनात आले होते. त्या दोन खेपांच्या मध्ये काय घडले ते सांगण्यासाठी हा लेख आहे. चूक माझी आहे, म्हणून सांगायला संकोच वाटतो. पण तशीच चूक आज ना उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी मळ्यात होईल, म्हणून सांगितलेली बरी.

मी गोरेगावचा. तिथे राहून खेड्यातल्या शेतकऱ्यांना सल्ला देतो, याचे पुष्कळांना हसू येते. पण आमचे गोरेगाव अगदीच शेतीविन्मुख नाही. पूर्वेला आरेची दूध वसाहत आहे, १९५१ साली ती सुरू झाली. तिथल्या पाड्यांवर आजही भात आणि पावसाळी भाजी होते. पश्चिमेला रेल्वे ओलांडली की कारखान्यांचे गाळे लागतात. लेथ, मिलिंग, बोअरिंग, हवे ते काम तिथे होते. कृषी पदवी घेऊन मी विस्तार अधिकारी झालो आणि वसई तालुक्यात नेमणूक मिळाली, तेव्हा रोज सकाळी गर्दीच्या उलट दिशेने, बसायला जागा मिळणाऱ्या गाडीने जायचो. शेत एका टोकाला आणि लेथ दुसऱ्या टोकाला, मध्ये पाऊण तासाचा प्रवास. वसईच्या शेतकऱ्यांची छोटीमोठी यंत्रकामे माझ्याबरोबर गोरेगावला यायची, आणि त्यातून मला यंत्रातले कळते असा लोकांचा समज झाला. दुर्दैवाने तो हळूहळू माझाही झाला.

ही गोष्ट २००६ च्या मार्चमधली. त्या वर्षी महाराष्ट्रात भारनियमनाने लोक अगदी बेजार झाले होते. वसईतले एक वाडीवाले होते, सारे गाव त्यांना नाना म्हणे, मीही म्हणे. त्यांच्या वाडीत केळी, थोडी भाजी आणि एका बाजूला तीनशेएक झाडांचा मोगरा. मोगऱ्याचा तुकडा बावखलाच्या पलीकडे होता, तिथे विजेचा खांबच नव्हता. बावखलावर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि पट्ट्यावर चालणारा पंप. उन्हाळ्याच्या दिवसांत त्या घराचा रोजचा पैसा मोगऱ्यावर चाले. पहाटे अंधारात घरातल्या बायका कळ्या खुडत आणि पहिल्या गाडीने टोपल्या दादरच्या फूलबाजारात जात. मोगऱ्याला पाणी चुकले की कळी बारीक होते, आणि बारीक कळीला दादरला कोणी विचारत नाही.

नानांनी मला सांगितले, "साहेब, इंजिनाचा दम गेलाय. हौद पूर्वी बारा मिनिटांत भरायचा, आता पंधरा लागतात. धूरही काळा येतो."

हौद तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल. म्हणजे सहा हजार लिटरचा. बारा मिनिटांचे पंधरा मिनिटे झाले, म्हणजे दर मिनिटाला पाचशे लिटरऐवजी चारशे लिटर पाणी येत होते. पाचवा हिस्सा गेला. मी इंजिनाजवळ गेलो, धूर पाहिला आणि मनात गणित मांडले: काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही, पूर्ण जळत नाही म्हणजे हवा कमी पडते, हवा इनलेट व्हॉल्व्हमधून येते, तेव्हा इनलेट व्हॉल्व्ह मोठा केला तर हवा जास्त येईल, धूर जाईल, दम वाढेल. प्रत्येक पायरी खरी वाटत होती. शेवटच्या पायरीवर मी घसरलो, ते मला बरेच दिवसांनी कळले.

हे डोक्यात येण्याचे कारण माझा भाचा. त्याला मोटरसायकलींचा भारी नाद. गोरेगावातल्या एका गॅरेजात त्याने आपल्या शंभर सीसीच्या गाडीच्या हेडमध्ये मोठा इनलेट व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. मला मागे बसवून त्याने ती हायवेवर पळवून दाखवली. खरोखरच पळत होती. तो म्हणाला होता, "मामा, खाली जरा दम कमी झालाय, पण वर बघा कशी सुटते!" यातले दुसरे वाक्य मी लक्षात ठेवले, पहिले विसरलो. माणसाचे असेच असते. आपल्याला हवे ते कान ऐकतात.

तर मी नानांना म्हणालो, "हेड काढा. मी गोरेगावला नेऊन मोठा व्हॉल्व्ह बसवून आणतो."

नानांनी एकदाच विचारले, "कंपनीने दिलाय त्यापेक्षा मोठा? चालेल ना?"

मी म्हणालो, "का नाही चालणार? दार मोठे केले की हवा जास्त येणार."

भाच्याच्या ओळखीच्या गॅरेजात मी हेड दिले. मूळचा इनलेट व्हॉल्व्ह चौतीस मिलिमीटरचा होता. दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचा व्हॉल्व्ह लेथवर उतरवून अडतीसचा केला, त्याप्रमाणे सीट कापली. दोन दिवसांत हेड परत गेले, इंजिन सुरू झाले. धडधड जोरात वाटली. नाना खूश, मी त्याहून खूश. पण माई, म्हणजे नानांच्या घरच्या, हौदाच्या काठावर घड्याळ घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंधराच लागले हो." मी म्हणालो, "नवे काम आहे, बसायला वेळ लागेल."

धूर कमी झाला नाही. उलट भार आला की जास्तच येई. नवव्या दिवशी इंजिन तापले, थंडीच्या पाण्याच्या नळीतून बुडबुडे येऊ लागले, आणि संध्याकाळी ते बंद पडले ते सुरू होईना. हेड काढून पाहिले, तर दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीला केसासारखी तडा गेली होती.

ऐन मार्चअखेर. मोगऱ्याला अकरा दिवस इंजिनाचे पाणी मिळाले नाही. माई आणि त्यांच्या दोन सुना बावखलातून हंडे भरून झाडांना घालत होत्या. तीनशे झाडे! मी एकदा सकाळी गेलो तेव्हा माईंच्या डोक्यावर हंडा होता. त्यांनी हंडा खाली ठेवला, पदराने तोंड पुसले आणि मला म्हणाल्या, "चहा घेता ना साहेब?" त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

मी हेड पुन्हा पोत्यात घातले. या वेळी गॅरेजात गेलो नाही. आमच्या चाळीच्या पुढच्या गल्लीत एक वयस्क मिस्त्री राहत. कांदिवलीला ट्रॅक्टरच्या कारखान्यात इंजिनाच्या विभागात त्यांचा जन्म गेला होता. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ साली निघाली, १९७७ साली ती महिंद्रमध्ये मिळाली. मिस्त्री दोन्ही काळ पाहिलेले. बी-२७५ ट्रॅक्टरची इंजिने त्यांच्या हाताखालून गेली होती. निवृत्तीनंतर घराच्या पडवीत एक बाक टाकून ते ओळखीपाळखीची कामे करीत.

त्यांनी हेड उलटे केले, डोळ्यांवर चष्मा चढवला, तडा पाहिली आणि म्हणाले, "हा वॉल कोणी मोठा केला?"

मी म्हणालो, "मी."

"तुम्ही कुठे शिकलात?"

"शेतकी पदवीधर आहे मी."

"मग शेतीचेच उदाहरण देतो," ते म्हणाले. "पाटात वर गवत माजले आहे, पाणी येत नाही. तुम्ही काय करता? वाफ्याचे तोंड रुंद करता?"

मी गप्प बसलो. त्यांनी विचारले, "एअर क्लीनर उघडून पाहिला होता?" नव्हता. "टॅपेटची फट मोजली होती?" नव्हती. "इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते पाहिले होते?" नव्हते. "पंपाचा पट्टा सरकतो का, हात लावून पाहिले होते?" नव्हते. प्रत्येक प्रश्नाबरोबर माझी मान थोडी थोडी खाली गेली.

मग त्यांनी कागद घेतला. त्या कागदावरचे गणित मी जपून ठेवले आहे, आणि वाचकांना ते सोपे करून सांगतो, कारण व्हॉल्व्हच्या मापाचा सगळा निवाडा त्यात आहे.

इंजिनात हवा पिस्टन खाली जातो तेव्हा ओढली जाते. पिस्टन जितक्या वेगाने खाली जाईल, तितक्या वेगाने हवेला व्हॉल्व्हमधून आत यावे लागते. तेव्हा पहिला प्रश्न पिस्टनच्या वेगाचा. नानांच्या इंजिनाचा बोअर ऐंशी मिलिमीटर, स्ट्रोक एकशे दहा, फेरे मिनिटाला पंधराशे. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली, एकदा वर जातो. हिशेब केला की पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मीटर निघतो. आता ऐंशीच्या बोअरला चौतीसचा व्हॉल्व्ह, म्हणजे बोअरच्या साडेबेचाळीस टक्के. क्षेत्रफळ काढले तर पिस्टन व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा साडेपाच पट मोठा. म्हणून हवेचा वेग साडेपाचाच्या साडेपाच पट, सुमारे तीस मीटर सेकंदाला. मिस्त्री म्हणाले, "साधारण साठ मीटरच्या पुढे गेले की इंजिनाला खरा दम लागतो. तुमचे तर निम्म्यावर चालले आहे. त्याला मोठे दार कशाला?"

तुलनेसाठी त्यांनी तेच प्रमाण, म्हणजे बोअरच्या साडेबेचाळीस टक्के व्हॉल्व्ह, दुसऱ्या इंजिनांना लावून दाखवले. जुने लिस्टर, ज्याच्या नकला राजकोटला बनत आणि आपल्याकडेही विहिरींवर दिसत, त्याचा स्ट्रोक साडेपाच इंच आणि फेरे साडेसहाशे. तिथे हवेचा वेग सतरा मीटर. बी-२७५ ट्रॅक्टरचे इंजिन, चार इंच स्ट्रोक, १८७५ फेरे, तिथे पस्तीस. आणि माझ्या भाच्याची शंभर सीसीची मोटरसायकल, पन्नास मिलिमीटर बोअर, साडेएकोणपन्नास स्ट्रोक, आठ हजार फेरे. तिथे त्र्याहत्तर मीटर! भाच्याच्या गाडीला मोठा व्हॉल्व्ह का मानवला आणि नानांच्या इंजिनाला का मानवला नाही, ते एका कागदावर दिसले. मोठा व्हॉल्व्ह फेऱ्यांसाठी असतो. जे इंजिन पंधराशेच्या पुढे जाणारच नाही, त्याला तो काय कामाचा? आणि भाचा "खाली दम कमी झालाय" म्हणाला होता, त्याचेही कारण हेच. कमी फेऱ्यांवर मोठ्या दारातून हवा रेंगाळत येते.

यापुढची गोष्ट मला अगदीच ठाऊक नव्हती. डिझेल इंजिनात इनलेटच्या वाटेला मुद्दाम वळण दिलेले असते. त्यामुळे हवा आत शिरताना भोवऱ्यासारखी फिरते, आणि नोझलमधून फवारलेले डिझेल त्या फिरत्या हवेत चांगले मिसळते. दार रुंद केले की हवेचा वेग मंदावतो, भोवरा मंदावतो, डिझेल नीट मिसळत नाही, आणि धूर वाढतो. म्हणजे धूर घालवायला केलेला उपाय धूर वाढवणारा होता.

तिसरी गोष्ट, व्हॉल्व्हचा व्यास वाढवला म्हणून हवेची वाट त्या मानाने वाढत नाही. व्हॉल्व्ह उचलला जातो तेवढ्याच फटीतून हवा येते, आणि तो किती उचलायचा हे कॅम ठरवतो. आठ मिलिमीटर उचलला जात असेल, तर चौतीसच्या व्हॉल्व्हभोवतीची वाट साधारण ८५४ चौरस मिलिमीटर आणि अडतीसची ९५५. म्हणजे बाराच टक्के जास्त. व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतका व्हॉल्व्ह उचलला गेला तरच पूर्ण तोंडाचा उपयोग होतो. चौतीसला साडेआठ मिलिमीटर पुरतात, अडतीसला साडेनऊ लागतात. व्हॉल्व्ह मोठा केला आणि कॅम तोच ठेवला, की मोठ्या दाराला लहान बिजागरी लावल्यासारखे होते. ते उघडतच नाही पुरते.

आणि शेवटची गोष्ट, जिने हेड फुटले. इनलेट मोठा केला म्हणजे त्याची कड दोन मिलिमीटर एक्झॉस्टकडे सरकली. मधली पट्टी सहाएक मिलिमीटरची होती ती चारची झाली. एका बाजूने बाहेरची थंड हवा, दुसऱ्या बाजूने जळता धूर, शेजारी नोझलचे भोक. हेडमधली सर्वांत त्रासाची जागा तीच. तिथलाच लोखंडाचा जीव आम्ही कापून काढला होता. म्हणून मूळ बनवणारे इनलेट बोअरच्या चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांत ठेवतात आणि एक्झॉस्ट इनलेटच्या ऐंशी ते पंचाऐंशी टक्के ठेवतात. एक्झॉस्ट लहान असून चालतो, कारण जळलेला धूर स्वतःच्या दाबाने बाहेर धावतो; आत येणाऱ्या हवेच्या पाठीशी मात्र फक्त वातावरणाचा दाब असतो. नव्या गाड्यांत एका मोठ्या इनलेटऐवजी दोन लहान इनलेट असतात. त्याने वाट वाढते, व्हॉल्व्ह हलके राहतात, पट्टीही शाबूत राहते. पण ते कारखान्यात आखणी करतानाचे काम. गॅरेजात सीट कापून होणारे नाही.

"आणि समजा," मिस्त्री म्हणाले, "हे सगळे जमले असते, तरी पाणी वाढले असते का?"

मी म्हणालो, "ताकद वाढली असती."

"ताकद पंपाने घेतली तर ना! गव्हर्नर इंजिनाला पंधराशेवर धरून ठेवतो. त्या फेऱ्यांना पंपाला जेवढे लागते तेवढेच तो घेतो. भुकेपेक्षा जास्त वाढून माणूस जास्त जेवत नाही."

हे वाक्य मी पुढे अनेक शेतकऱ्यांना सांगितले आहे. पंपाचे पाणी फेऱ्यांवर अवलंबून असते. फेरे दहा टक्क्यांनी कमी झाले, की पंपाची पाणी वर चढवण्याची उंची एकोणीस टक्क्यांनी घटते. विहिरीची खोली काही घटत नाही, म्हणून पाणी दहा टक्क्यांपेक्षा बरेच जास्त कमी होते. हौदाला बाराऐवजी पंधरा मिनिटे लागण्याचे मूळ तिथे शोधायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्त्री माझ्याबरोबर वसईला आले. मी नवे हेड मूळ मापाच्या व्हॉल्व्हसह घेतले होते; पैसे नानांना विचारले नाहीत. मिस्त्रींनी आधी एअर क्लीनर उघडला. त्यातल्या तेलाचा चिखल झाला होता, वर गवताचे तूस आणि धूळ. म्हणजे माझे निदान अर्धे बरोबर होते: हवा कमी पडत होती. पण दार लहान नव्हते, अंगणाचे फाटकच बंद होते! मग त्यांनी मूळचे काढून ठेवलेले जुने व्हॉल्व्ह मागवले. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका ठिकाणी जळून खाचली होती. फटलेल्या हेडमधली एक्झॉस्टची सीट, जिला गॅरेजात हात लावला नव्हता, ती झिजून चार मिलिमीटर रुंद झाली होती. दीड-दोनची असावी लागते. टॅपेटला फटच उरली नसावी, असे त्यांचे मत पडले. फट नसली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळता धूर फटीतून निसटत राहतो आणि कड खातो. दाब गेला की दम गेला. आणि पट्टा? पट्टा सैल होता, पुलीवर सरकून सरकून काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

संध्याकाळपर्यंत सगळे बसले. फेरे मोजले, टॅपेटची फट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवली, पट्टा बदलला. माई पुन्हा घड्याळ घेऊन उभ्या राहिल्या. बारा मिनिटे आणि थोडे सेकंद. धूर जवळजवळ नाहीसा. यातल्या कशाने किती फरक पडला ते वेगळे काढता येणार नाही, कारण सारे एकदमच केले. पण व्हॉल्व्ह मूळच्याच मापाचा होता, एवढे नक्की.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे असे इंजिन आहे, त्यांनी दम गेला असे वाटले तर मिस्त्रींचा क्रम धरावा. आधी हौदाची किंवा पिंपाची वेळ घड्याळाने मोजा, म्हणजे खरेच कमी झाले आहे का ते कळेल. एअर क्लीनर उघडा, धुवा, तेल बदला. डिझेलचा फिल्टर पाहा. पट्टा दाबून पाहा, फेरे मोजून घ्या. फेरे मोजायचे यंत्र बहुतेक मोठ्या गॅरेजात असते. इंजिन थंड असताना टॅपेटची फट फीलर गेजने तपासा. मग डिकॉम्प्रेशनची कळ न उचलता फ्लायव्हील हाताने फिरवा. दाब लागला पाहिजे. दाब निसटत असेल तर कान लावा: एअर क्लीनरकडे सुस्कारा ऐकू आला तर इनलेट गळतो, सायलेन्सरकडे आला तर एक्झॉस्ट, आणि तेल भरण्याच्या तोंडाशी आला तर पिस्टनच्या रिंगा. हेड काढलेच तर व्हॉल्व्ह बसवलेले असताना, इनलेटच्या आणि एक्झॉस्टच्या वाटेत थोडे रॉकेल ओता. काही मिनिटांत सीटखालून ओल आली तर व्हॉल्व्ह घासून घ्यावा लागेल. घासताना सीट रुंद होऊ देऊ नका. आणि नवा व्हॉल्व्ह घ्यायचा तर त्याच मापाचा, त्याच कंपनीच्या भागाचा घ्या. पाणी जास्तच हवे असेल, तर व्हॉल्व्हकडे न पाहता पंप आणि त्याची पुली यांचा विचार करा, आणि तोही पंपाच्या माहितगाराला विचारून.

असो. यंत्राची गोष्ट इथे संपते. पण माझ्या मनात जी राहिली ती वेगळी आहे.

त्या संध्याकाळी मी नानांना म्हणालो, "नाना, माझे चुकले. मला यातले कळत नव्हते आणि मी कळते असे दाखवले."

नाना थोडा वेळ इंजिनाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, गॅरेजवाल्याने सांगितले असते तर मी चार ठिकाणी विचारले असते. तुम्ही सांगितलेत म्हणून विचारले नाही."

एवढेच. पण नोकरीत मला कोणी यापेक्षा कडक बोललेले आठवत नाही. आम्हा लोकांकडे देण्यासारखे असते ते शब्दच. बियाणे दुकानात मिळते, खत सोसायटीत मिळते. आमच्याकडे फक्त विश्वासावर चालणारा शब्द. तो एकदा खोटा ठरला की पुढचे बियाणेही संशयाने पेरले जाते. पुढल्या महिन्यात गावात शेतकरी मेळावा होता. तिथे मी मोगऱ्याच्या छाटणीवर बोलायच्या आधी हा किस्सा सांगितला, तडा गेलेले हेड टेबलावर ठेवून. लोक हसले. नाना पहिल्या रांगेत होते; तेही हसले, पण थोडे उशिरा.

त्या मोसमात त्यांचा मोगरा सावरला, पण उशिराच. बारीक कळ्यांचे ते दिवस परत आले नाहीत. नवे हेड मी घेतले म्हणून नानांनी पावसाळ्यात एक केळ्यांचा घड माझ्या घरी पाठवला. मी तो घ्यावा की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही, जरी तो खाऊन कितीतरी वर्षे झाली.

वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला. आता पुष्कळ ठिकाणी सौर पंप आले. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली सुरू झाली. नानांचे इंजिन मात्र अजून आहे, ढगाळ दिवसांसाठी झाकून ठेवलेले, त्याच चौतीस मिलिमीटरच्या व्हॉल्व्हसह. मिस्त्री आता हयात नाहीत. त्यांचा कागद माझ्या कपाटात आहे.

नाना अजूनही मला विचारायला येतात. केळीचे, मोगऱ्याचे, खताचे, कीड पडली तर तिचे. पण त्या वर्षापासून प्रत्येक सल्ल्यानंतर ते एक प्रश्न विचारतात, रागाने नव्हे, अगदी सहज, तंबाखू मळताना विचारावा तसा:

"साहेब, हे तुम्हाला माहीत आहे, की वाटते?"

सुरुवातीला तो प्रश्न टोचायचा. आता तोंड उघडण्याआधी मीच तो स्वतःला विचारतो. "वाटते" असे उत्तर आले, की सरळ तसे सांगतो आणि विचारून येतो म्हणतो. नाना मान हलवतात आणि मला चहा देतात.